जनरल रजिस्टरची दुसरी प्रत

गेल्या दिवाळीत माझा नातू (मुलीचा मुलगा) चार दिवस राहायला आला होता. पुण्यात एका कंपनीत डेटाबेसचं काम करतो. चार दिवसांतले दोन त्याने फोनवरच घालवले. फराळाचं ताट एका हातात, फोन दुसऱ्या हातात आणि चेहरा बोर्डाच्या परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. शेवटी न राहवून विचारलं, "अरे, एवढं झालंय तरी काय?" तर म्हणाला, "आजोबा, आमचा डेटाबेस मोठा झालाय. आता तुकड्या पाडायच्यात, आणि तेही चालू कामात."

तुकड्या! हा शब्द ऐकला आणि मला एकदम आमची शाळा आठवली. चौतीस वर्षं मी मराठी आणि इतिहास शिकवला, आणि त्यातली जवळजवळ वीस वर्षं जनरल रजिस्टर माझ्याकडे होतं. मुलं वाढली की तुकड्या पाडाव्या लागतात आणि तेही वर्ष चालू असताना, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी त्याला म्हटलं, "मग मला सांग, तुमच्याकडे रोल नंबर बदलतात का?" तो हसायचा थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्या रात्री आम्ही दीड वाजेपर्यंत बोलत बसलो. जाताना तो एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवून गेला. त्याच्या तीन लेखकांपैकी एक, एस. सुदर्शन, आपल्या पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक आहेत. मी मराठी माध्यमातून बीए झालेला माणूस. शब्दकोश शेजारी ठेवून, जमेल तितकं वाचलं. गणित सोडून दिलं, इतिहास मात्र सोडवेना. त्यातलं मला कळलेलं आज इथे मांडतो.

पण आधी एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर या विषयात मी का शिरलो ते कळणार नाही.

आमच्या संस्थेची मुख्य शाळा तालुक्याच्या गावी आणि एक शाखा सात किलोमीटरवरच्या खेड्यात, पाचवी ते सातवी. आठवीला तिथली मुलं आमच्याकडे यायची. शाखेचं रजिस्टर वेगळं, आमचं वेगळं. दाखला घेऊन मूल आलं की त्यावरची माहिती आम्ही आमच्या रजिस्टरात उतरवून घ्यायची. १९८२ साली असाच एक मुलगा आठवीत आला. दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९६८. (१ जूनचं गुपित माझ्या पिढीच्या वाचकांना ठाऊक आहेच. आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रातले निम्मे लोक त्याच दिवशी जन्मले असावेत!) वडिलांनी पुढे ग्रामपंचायतीतून जन्माचा उतारा काढला. खरी तारीख निघाली १२ ऑगस्ट १९६९. त्यांनी रीतसर अर्ज केला, वरून मंजुरी आली आणि पहिली नोंद शाखेची म्हणून शाखेच्या रजिस्टरात दुरुस्ती झाली. त्याचं पत्र आमच्याकडेही आलं. ते मी फाईलला लावलं. सहामाही परीक्षेचे दिवस होते, "नंतर करू" म्हटलं. ते नंतर कधी आलंच नाही.

मुलगा दहावी झाला. प्रमाणपत्रावर आमच्या रजिस्टरातली जुनी तारीख गेली. १९८९ च्या ऑगस्टमध्ये तो भरतीला उभा राहिला. धावण्यात पहिल्या दहात आला, छाती-उंची सगळं बसलं आणि कागद तपासताना दोन महिन्यांनी वयाबाहेर निघाला. खऱ्या तारखेने त्याच्या हातात वर्षभर होतं. दोन्ही रजिस्टरं आपापल्या जागी अगदी नीटनेटकी होती. दोन्हींवर मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. फक्त ती एकमेकांशी जुळत नव्हती.

आता कॉडसाहेबांकडे येतो.

एडगर कॉड हा इंग्रज माणूस, १९२३ साली डॉर्सेटमध्ये जन्मलेला. ऑक्सफर्डला गणित आणि रसायन शिकला, दुसऱ्या महायुद्धात विमानं चालवली, १९४८ साली अमेरिकेत जाऊन आयबीएममध्ये लागला. मॅकार्थीच्या काळात तिथलं वातावरण पाहून वैतागला आणि १९५३ साली कॅनडात निघून गेला, काही वर्षांनी परतला. १९७० साली त्याने एक निबंध छापला. कल्पना ऐकायला इतकी साधी आहे की त्यात काय विशेष असं वाटावं. सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, उभे रकाने आणि आडव्या ओळी. एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध ओळखीच्या क्रमांकाने जोडा. आणि माहिती मागणाऱ्याने 'काय हवं' तेवढंच सांगावं, ते कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर आहे हे त्याला माहीत असण्याची गरज पडू नये.

यात क्रांतिकारक काय? तर तोपर्यंतची पद्धत आमच्या ऑफिसातल्या जुन्या हेडक्लार्कसारखी होती. कुठली फाईल कुठे हे त्यांनाच ठाऊक. ते रजेवर गेले की शाळा ठप्प. आयबीएमची स्वतःची आयएमएस नावाची प्रणाली झाडासारखी होती: वरून खाली, फांदीफांदीने उतरत जायचं. चार्ल्स बाखमन या दुसऱ्या मोठ्या माणसाची पद्धत जाळ्यासारखी, एका नोंदीवरून दुसरीवर धागा धरून जायचं. बाखमनला १९७३ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता, आणि १९७४ साली अॅन आर्बर इथे या दोन्ही पक्षांचा जाहीर वादही झाला. बाखमनच्या मते प्रोग्रॅमर हा वाट शोधणारा नावाडी. कॉडचं म्हणणं, वाट शोधायला लावणं हीच तर चूक आहे. मला वाटतं कॉडमधला गणिती इथे बोलत होता. दुसरा मुद्दा मात्र कारकुनाच्या कामाचा होता, आणि माझ्या काळजाला लागला तो हाच: एक गोष्ट एकाच जागी लिहा. जन्मतारीख जनरल रजिस्टरात लिहिली ना, मग ती फीच्या वहीत, शिष्यवृत्तीच्या यादीत, परीक्षेच्या तक्त्यात पुन्हा लिहू नका. तिथे फक्त रजिस्टर क्रमांक लिहा. दोन जागी लिहिलंत की एक दिवस ती दोन वेगळी होणार.

१९८२ साली हे मला कुणी सांगितलं असतं तर!

आयबीएमने आपल्याच माणसाची कल्पना बाजारात आणायला दहा वर्षं घेतली, कारण आयएमएसचा धंदा जोरात होता. सॅन होजेच्या प्रयोगशाळेत 'सिस्टिम आर' उभी राहिली, तिच्यासाठी चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी १९७४ साली ती प्रश्न विचारण्याची भाषा केली जिला आज एसक्यूएल म्हणतात. बॉइस त्याच वर्षी अचानक वारला. बर्कलेला स्टोनब्रेकर आणि वाँग यांनी 'इन्ग्रेस' केलं. आणि कॉडचे व आयबीएमचे छापील निबंध वाचून तिसऱ्याच एका छोट्या कंपनीने १९७९ मध्ये माल विकायलाही काढला. तीच आजची ओरॅकल. घरचं झालं थोडं, म्हणतात ते हेच.

पण हे सगळं एका यंत्रापुरतं होतं. एक शाळा, एक कपाट. खरी पंचाईत शाखा निघाल्यावर.

कॉडने १९८५ साली आपल्या पद्धतीचे बारा नियम प्रसिद्ध केले. त्यातला अकरावा असा की, माहिती एका जागी आहे की अनेक गावांत विखुरली आहे हे वापरणाऱ्याला कळताही कामा नये. नियम लिहायला एक ओळ लागते. तो पाळायला जगातल्या हुशार माणसांना पुढची पंचवीस-तीस वर्षं लागली!

यातला पहिला मोठा माणूस जिम ग्रे. एका बँकेच्या खात्यातून शंभर रुपये काढून दुसऱ्या शहरातल्या खात्यात टाकायचे, तर एक तर दोन्ही व्हायला हवं नाहीतर काहीच नको. इथून गेले आणि तिथे पोचले नाहीत, हे चालणार नाही. १९७८ साली त्याने लिहिलेल्या टिपणांत 'दोन टप्प्यांची' रीत नीट मांडलेली आहे. आधी एक मध्यस्थ सगळ्यांना विचारतो, "तयार?" सगळे "तयार" म्हणाले की मग तो म्हणतो, "करा." एकानेही नाही म्हटलं तर सगळं रद्द. आपल्या लग्नासारखंच आहे. पण मेख अशी, की दोघांनीही होकार दिला, हार हातात घेतले आणि अंतरपाट दूर करण्याआधी गुरुजींनाच घेरी आली, तर? हार घालता येत नाही, खाली ठेवून घरीही जाता येत नाही. वऱ्हाड ताटकळत. जिथे गावं दोन तिथे हा धोका कधीतरी येणारच. (हा जिम ग्रे २००७ साली जानेवारीत आईच्या अस्थी विसर्जित करायला सॅन फ्रान्सिस्कोहून शिडाच्या होडीतून एकटा समुद्रात गेला आणि परत आलाच नाही. त्याच्या मित्रांनी उपग्रहाची छायाचित्रं मागवली, हजारो अनोळखी माणसांनी घरबसल्या ती तुकड्या-तुकड्यांनी तपासली. काही सापडलं नाही. सारं आयुष्य नोंद हरवू नये म्हणून खर्ची घातलेला माणूस.)

गुरुजींच्या घेरीवरचा इलाज लेस्ली लॅम्पोर्टच्या नावाने ओळखला जातो. त्याने १९९० साली एक निबंध धाडला. तो पॅक्सॉस नावाच्या ग्रीक बेटावरच्या प्राचीन संसदेची कथा म्हणून लिहिला होता: सभासद कधी येतात कधी जातात, निरोप्ये वाटेत रेंगाळतात, तरी प्रत्येकाच्या वहीत ठराव मात्र सारखेच उमटतात. तपासनिसांना ही गंमत पटली नाही, आणि निबंध छापून यायला १९९८ उजाडलं. मला विचाराल तर ती कथाच मला सगळ्यात आधी कळली. मर्म एवढंच आहे: पाच प्रती ठेवा आणि पाचांपैकी तिघांनी लिहिलं की ठराव पक्का. दोघे आजारी असले तरी काम अडत नाही. आणि उद्या दुसरेच तिघे जमले तरी पाचांतले कुठलेही दोन 'तिघे' घ्या, त्यांच्यात एकजण तरी समान असतोच. तो एकजण कालचा ठराव आज सांगतो. आमच्या शालासमितीच्या सभांना गणपूर्ती कशासाठी लागते, हे मला निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी असं कळलं.

आपल्याकडे हा प्रश्न रेल्वेने सोडवलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे, फक्त त्याला डेटाबेस म्हणत नव्हतो. परतीच्या आरक्षणासाठी तार करायची आणि ती पोचली की नाही याची काळजी करत देवदर्शन करायचं, हे मी स्वतः केलेलं आहे. १९८६ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद इथे एकेक करून संगणक आले, पण सुरुवातीला प्रत्येकाचं राज्य वेगळं. मग 'कॉन्सर्ट' नावाची प्रणाली १९९४ मध्ये प्रथम सिकंदराबादला चालू झाली आणि १९९९ मध्ये पाचही केंद्रं जोडली गेली. रीत मला फार शहाणपणाची वाटते: प्रत्येक गाडीची नोंद कुठल्या तरी एकाच केंद्रात. मुंबईच्या खिडकीवर बसून चेन्नईकडच्या गाडीचं तिकीट मागितलं की प्रश्न तिकडे जातो, उत्तर इकडे येतं. आपल्याला पत्ताही लागत नाही. कॉडसाहेबांचा अकरावा नियम, खिडकी क्रमांक सातवर!

पुढे इंटरनेट आलं आणि वाढीचा वेग माणसाच्या हाताबाहेर गेला. २००० साली एरिक ब्रूअरने एक कडू गोष्ट सांगितली आणि दोन वर्षांनी गिल्बर्ट आणि लिंच यांनी ती सिद्ध केली. मुख्य शाळा आणि शाखा यांच्यातला फोन तुटला आणि कुणी दाखला मागायला आलं, तर तुमच्यापुढे दोनच मार्ग: "फोन लागेपर्यंत थांबा" म्हणा, नाहीतर जवळच्या रजिस्टरावरून द्या आणि तो चुकीचा असू शकेल हे मान्य करा. तिसरा मार्ग नाही. अॅमेझॉनने २००७ च्या निबंधात आपण दुसरा मार्ग धरल्याचं मोकळेपणाने सांगितलं. गिऱ्हाईकाची टोपली कधीही 'थांबा' म्हणणार नाही, मग काढून टाकलेली वस्तू क्वचित पुन्हा टोपलीत दिसली तरी चालेल. दुकानाच्या टोपलीला ते ठीक आहे. पण त्या काळात उत्साहाच्या भरात पुष्कळांनी कॉडचे तक्ते, दोन टप्प्यांची रीत, सगळंच जुनाट म्हणून बाजूला सारलं. मोठं व्हायचं तर काटेकोरपणा सोडावाच लागतो, असं म्हणू लागले. माझा या वाक्यावर राग आहे. जन्मतारीख म्हणजे टोपलीतली वस्तू नव्हे.

गूगलच्या जाहिरातींचा हिशेब तेव्हा साध्या मायएसक्यूएलवर होता, गिऱ्हाईकांच्या हाताने तुकड्या पाडून. हिशेब पैशांचा, तेव्हा चूक चालणार नाही. धंदा वाढला की पुन्हा तुकड्या. त्यातली शेवटची फेरमांडणी पुरी व्हायला दोन वर्षांहून जास्त काळ लागला, असं त्यांनीच २०१२ च्या निबंधात लिहून ठेवलं आहे. वाचून मला आमची सहावी ड आठवली. सप्टेंबरात नवी तुकडी मंजूर झाली. अ, ब, क मधून पंधरा-पंधरा मुलं काढली आणि सगळ्यांचे रोल नंबर हलले. ज्यांनी फीच्या पावत्या, ग्रंथालयाची कार्डं रोल नंबरवर केली होती ते महिनाभर गोंधळले. ज्यांनी रजिस्टर क्रमांक लिहिला होता त्यांचं काहीच बिघडलं नाही, कारण तो जन्मभर बदलत नाही. नातवाला मी दिवाळीत हेच विचारलं होतं. तो म्हणाला, "आजोबा, आमच्याकडे तेच झालंय. तुकडी कशावरून पाडायची हे पाच वर्षांपूर्वी कुणीतरी चुकीचं ठरवलं."

गूगलने मग स्पॅनर नावाची प्रणाली केली. तक्ते आहेत, दोन टप्प्यांची रीत आहे, आणि प्रत्येक तुकडीच्या अनेक प्रती पॅक्सॉसच्या संसदेसारख्या चालतात, म्हणजे एक गुरुजी पडले तर त्यांच्या जागी लगेच दुसरे. तुकडी फुगली की प्रणालीच तिचे भाग करते आणि दुसरीकडे नेते, चालू वर्गात. पण मला हरखून टाकलं ते त्यांच्या घड्याळाने. दोन खंडांवरच्या यंत्रांत आधी कुठली नोंद झाली हे ठरवायचं, तर घड्याळं जुळायला हवीत आणि ती कधीच तंतोतंत जुळत नाहीत. आमच्या शाळेत प्रत्येक मास्तरचं घड्याळ वेगळी वेळ दाखवायचं आणि जो तो आपलंच खरं मानायचा. स्पॅनरचं घड्याळ तसं नाही. ते 'साडेदहा वाजले' असं म्हणतच नाही. ते म्हणतं, 'आत्ताची वेळ इथपासून इथपर्यंतच्या दरम्यान आहे.' उपग्रहाच्या वेळेवरून आणि अणुघड्याळावरून ते हा पल्ला बहुधा दहा सहस्रांश सेकंदांच्या आत ठेवतात. दोन्ही का, तर दोघांच्या बिघडण्याची कारणं वेगळी. आणि नोंद पक्की झाली असं जाहीर करण्याआधी तो पल्ला संपेपर्यंत ते यंत्र गप्प थांबतं. आपल्याला नक्की वेळ माहीत नाही हे कबूल करून, शंका फिटेपर्यंत थांबायचं आणि मगच सही करायची. त्यानंतर याच धर्तीच्या प्रणाली इतरांनीही काढल्या. गूगलमधून बाहेर पडलेल्या तिघांनी एकीला झुरळाचं नाव दिलं आहे, कॉक्रोचडीबी! का, तर मारली तरी मरत नाही म्हणून.

२०१५ पासून महाराष्ट्रातल्या शाळांची नोंद 'सरल'वर जाऊ लागली. मी तेव्हा निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी आमच्या शाळेतले तरुण शिक्षक रात्री जागून नावं चढवत होते, सर्व्हर चालत नाही म्हणून कुरकुरत होते. मी मदतीला गेलो तेव्हा कागदी रजिस्टर उघडलं आणि ते पान सहज समोर आलं. १ जून १९६८ वर आडवी रेघ, वर लाल शाईत १२ ऑगस्ट १९६९, शेजारी आदेशाचा क्रमांक आणि माझी सही. सहीखालची तारीख ऑक्टोबर १९८९ ची.

तो मुलगा आता गावात पिठाची गिरणी चालवतो. दळण घेऊन मीच जातो. तो पैसे घेतो, सुट्टे परत देतो, "सर, गहू जरा ओला आहे, उन्हात टाका" म्हणतो. त्या तारखेचा विषय त्याने छत्तीस वर्षांत एकदाही काढलेला नाही. मीही नाही.